काळ आला होता, पण वेळ आली नव्हती

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात झालेले व्याख्यान)



ह्या व्यासपीठावरून आजवर शिक्षण, विवाह, हुंडा, वसतिगृह अशा विषयांवर पुष्कळ विचारमंथन झाले आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु आपली बहुसंख्य माणसे ज्या ठिकाणी दिवसाचे आठ-दहा तास घालवितात, त्या कामाच्या जागेविषयी येथे क्वचितच कोणी बोलले असेल. आपल्यापैकी कोणी कारखान्यात फिटर आहे, कोणी लेथवर उभा आहे, कोणाचे स्वतःचे फॅब्रिकेशनचे शेड आहे, तर काही भगिनी पिठाची गिरणी वा मसाल्याचा उद्योग चालवीत आहेत. आम्ही विद्वान नव्हे, वक्ते तर नव्हेच. आमचे सारे आयुष्य यंत्रांच्या खडखडाटात गेले. म्हणून कार्यवाहांनी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली तेव्हा आम्ही आपल्या अनुभवातलाच एक प्रश्न आपल्यापुढे ठेवण्याचे ठरविले. जो अपघात होता होता टळला, त्याचे पुढे काय करावयाचे?

आपल्या भाषेत ह्या प्रसंगासाठी शब्दांचा तोटा नाही. ‘थोडक्यात निभावले’ असे आपण म्हणतो; ‘जिवावरचे शेपटावर गेले’ म्हणतो; ‘देव तारी त्याला कोण मारी’ म्हणतो; आणि सर्वांत अर्थपूर्ण अशी ती म्हण, ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती.’ वरून पाना पडला आणि डोक्याऐवजी खांद्याजवळून गेला, शिडी सरकली पण खालच्याने धरली, ओल्या यंत्राला हात लागला आणि नुसताच झटका बसला, की ही म्हण उच्चारली जाते, देवाला नारळ फोडला जातो, चहा होतो आणि काम पुढे सुरू होते. ह्या श्रद्धेचा आम्ही उपमर्द करीत नाही. नारळ आम्हीही फोडले आहेत. आमचे म्हणणे एवढेच, की त्या म्हणीचा पूर्वार्ध आपण ऐकून न ऐकल्यासारखा करतो. वेळ आली नव्हती हे खरे. पण काळ आला होता, तो कोणत्या वाटेने आला होता? आणि ती वाट आपण बंद केली काय?

ह्या प्रश्नाचे मोल आम्हांस फार उशिरा कळले. कसे, ते सांगणे आमचे कर्तव्य आहे.

गोष्ट १९७८ सालची. आम्ही त्या वेळी एका कारखान्याच्या प्रेस खात्यात चार्जमन होतो. पत्र्याचे तुकडे डायमध्ये ठेवावयाचे, पायाने पायडल दाबावयाचे, ठोका पडावयाचा, हाताने तुकडा काढावयाचा, असे ते काम. एका दबावाला एकच ठोका पडला पाहिजे, हा त्या यंत्राचा धर्म. एके दिवशी दुपारच्या पाळीत एक तरुण कामगार आमच्याकडे आला. त्याचा चेहरा उतरला होता. म्हणाला, “साहेब, प्रेसने आपल्या आपण दुसरा ठोका मारला. माझा हात नुकताच बाहेर आला होता.” आम्ही यंत्रापाशी गेलो, दहा-बारा वेळा पायडल दाबून पाहिले, दर वेळी एकच ठोका पडला. आम्ही हसून म्हणालो, “अरे, पायडलवर तुझाच पाय राहिला असेल. नशीबवान आहेस, पेढे वाट.” खात्यातील मंडळी हसली. दुसऱ्या दिवशी त्याने खरोखरच पेढे वाटले, आणि त्यातला एक आम्हीही खाल्ला.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, रात्रपाळीत, त्याच प्रेसने पुन्हा दुसरा ठोका मारला. ह्या वेळी यंत्रावर होता तो आपल्याच ज्ञातीतील एक मुलगा. आमच्याच शब्दावर कामाला लागलेला. त्याच्या उजव्या हाताची तीन बोटे गेली. मागाहून क्लच उघडला तेव्हा आतील एक स्प्रिंग तुटलेली व तिच्याजवळची चावी झिजून गुळगुळीत झालेली आढळली. ती चावी कधी नीट अडके, कधी न अडके. म्हणूनच आमच्या दहा-बारा परीक्षांत ती उत्तीर्ण झाली होती. स्प्रिंगची किंमत काही रुपयांच्या घरात होती.

आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो. त्याच्या आईने पाणी आणून ठेवले आणि शांतपणे विचारले, “दादा, मशीन बिघडलंय हे आधी कुणाला ठाऊक होतं का हो?”

आम्ही “नाही” म्हणालो.

ती माउली आता ह्या जगात नाही. आमचे ते उत्तर खोटे होते, हे आज आपणा सर्वांसमक्ष सांगून आम्ही ते दुरुस्त करीत आहो. ठाऊक होते. एका माणसाने येऊन सांगितले होते, आणि ऐकणारे आम्हीच होतो. त्या मुलाला, तो आता आजोबा झाला आहे, विचारूनच ही हकीकत आम्ही नाव न घेता येथे सांगितली. तो म्हणाला, “सांगा; कुणाची तरी बोटं वाचतील.”

आता, माणसे असे प्रसंग का सांगत नाहीत, ह्याचा विचार करू. पहिले कारण भीतीचे. ‘सांगितले तर माझ्यावरच ठपका येईल, मेमो मिळेल, रोजंदारीवर असलो तर उद्या कामावर घेणार नाहीत.’ दुसरे कारण अभिमानाचे, आणि ते आपल्यासारख्या कसबी लोकांत फार खोल रुजलेले आहे. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी हातावरचा वण हे कारागिराचे पदक समजले जाई. तुटलेले नख दाखवून उस्ताद शागिर्दाला आपला अनुभव सांगत असे. ‘आपल्या हाताला यंत्र चावत नाही’ असे म्हणणाऱ्या माणसाला, ‘आज यंत्र मला चावता चावता राहिले’ हे म्हणणे जड जाते. तिसरे कारण निराशेचे: ‘पूर्वी सांगितले होते, काय झाले?’ आमच्या खात्यात पेढे वाटणाऱ्या त्या तरुणाने पुढे आम्हांस कधीही काही सांगितले नाही. त्यात त्याचा दोष नव्हता. एकदा हसलेले तोंड माणसे विसरत नाहीत.

ही केवळ आमच्या एका खात्याची कथा असती तर आम्ही आपला वेळ घेतला नसता. दिनांक १ डिसेंबर १९७४ रोजी अमेरिकेत टीडब्ल्यूए कंपनीचे ५१४ क्रमांकाचे विमान वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळावर उतरण्यासाठी येत असता, ढगांमध्ये वेळेपूर्वीच खाली आले आणि व्हर्जिनियातील माउंट वेदर नावाच्या डोंगरावर आदळले. आतील ९२ माणसे, एकूण एक, मृत्युमुखी पडली. जमिनीवरून मिळालेल्या परवानगीचा अर्थ वैमानिकांनी एक घेतला, आणि परवानगी देणाऱ्यांच्या मनात दुसराच होता. चौकशीत पुढे आलेली गोष्ट अशी, की सुमारे सहा आठवड्यांपूर्वी युनायटेड एअरलाइन्स ह्या दुसऱ्या कंपनीचे एक विमान त्याच ठिकाणी, त्याच घोटाळ्यातून, त्याच डोंगरावर आदळता आदळता बचावले होते. युनायटेडने आपल्या वैमानिकांना सावध केले होते. पण शेजारच्या कंपनीच्या वैमानिकांपर्यंत ती वार्ता पोहोचलीच नाही. एका घरी काळ येऊन गेला, आणि शेजारच्या घराला कोणी सांगितले नाही!

ह्या आघातानंतर अमेरिकेच्या विमान-नियामक संस्थेने वैमानिकांना आवाहन केले, की असे प्रसंग आम्हांस कळवा. पण वैमानिक कचरले. कारण शिक्षा करणारी आणि परवाना काढून घेणारी संस्था तीच होती. ज्याच्या हाती छडी, त्याच्यापुढे चूक कोण कबूल करणार? तेव्हा १९७६ साली हे काम ‘नासा’ ह्या संस्थेकडे सोपविण्यात आले, कारण नासाच्या हाती शिक्षेचा अधिकार नव्हता. पत्र आले की त्यातील उपयुक्त माहिती टिपून घ्यावयाची, लिहिणाऱ्याचे नाव-गाव काढून टाकावयाचे, आणि धडा सर्वांना कळवावयाचा, अशी ही पद्धत. जाणूनबुजून केलेले कृत्य नसेल, गुन्हा वा अपघात नसेल, आणि दहा दिवसांच्या आत पत्र पाठविले असेल, तर नियमभंगाचा दंडही माफ होतो. आजपर्यंत तेथे लक्षावधी पत्रे जमा झाली आहेत. तात्पर्य, माणसे सांगावयास तयार असतात. मात्र ऐकणारा कान आणि मारणारा हात एकाच शरीराचे नसावेत.

ह्या विषयात आकडेही पुष्कळ सांगितले जातात, त्यांविषयी थोडे सावधपणे बोलावयास हवे. विमाव्यवसायातील हाइनरिश नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९३१ साली असे मांडले, की एकाच प्रकारच्या ३३० घटनांपैकी एकीत मोठी दुखापत होते, २९ मध्ये किरकोळ, आणि ३०० मध्ये काहीच होत नाही. १९६९ साली फ्रँक बर्ड ह्यांनी निराळे प्रमाण मांडले: १, १०, ३० आणि ६००. हे आकडे कारखान्यांच्या भिंतींवर त्रिकोणात रंगविलेले आपण पाहिले असतील. पुढील अभ्यासकांनी त्यांवर आक्षेप घेतले आहेत, आणि ते बरोबर आहेत. प्रत्येक धंद्याला एकच गणित लागू पडत नाही. पाय घसरून पडण्याचे प्रकार कमी झाले म्हणून बॉयलर सुरक्षित झाला, असे होत नाही. परंतु त्यातील मूळ विचार टिकतो. तो असा, की आज जे टळले आणि उद्या जे घडेल त्यांचे मूळ पुष्कळदा एकच असते. मधले अंतर इंचाचे वा क्षणाचे असते. म्हणून टळलेल्या प्रसंगाचे वजन ‘काय झाले’ ह्यावर करू नये, ‘काय होऊ शकले असते’ ह्यावर करावे.

ह्याचे सर्वांत दुःखद उदाहरण आपल्याच देशातील आहे. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जीन वायूने एका कामगाराचा बळी घेतला. १९८२ मध्येही तेथे वायुगळती झाली. राजकुमार केसवानी ह्या पत्रकाराने त्याच वर्षी आपल्या लेखांतून शहराला धोका असल्याचे लिहिले. प्रत्येक वेळी प्रसंग निभावला म्हणून विषय मिटला. आणि २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री मिथिल आयसोसायनेट बाहेर पडले, तेव्हा हजारो निद्रिस्त माणसे प्राणास मुकली. काळ एकदा नव्हे, अनेकदा येऊन गेला होता.

कायद्याने ह्याचा विचार केला नाही असे नाही. १९४८ च्या कारखाना अधिनियमात १९७६ साली कलम ८८-अ घालण्यात आले. त्याअन्वये, शासनाने ठरवून दिलेल्या प्रकारची धोकादायक घटना घडली, तर कोणास इजा होवो वा न होवो, व्यवस्थापकाने तिची सूचना देणे बंधनकारक झाले. २०२० साली संसदेने संमत केलेल्या नव्या संहितेतही अशा सूचनेची तरतूद आहे. परंतु कायद्याच्या यादीत मोठे स्फोट व मोठी कोसळणी येतात. झिजलेली चावी येत नाही. शिवाय आपल्यापैकी कित्येकांच्या शेडमध्ये पुरती दहा माणसेही नसतात. तेथे आपला निरीक्षक आपणच व्हावयास हवे.

जपानी लोकांनी ह्या कामासाठी एक मजेदार शब्द योजला आहे: ‘हियारी-हात्तो’. ‘हियारी’ म्हणजे भीतीने अंगातून गार शिरशिरी जाणे, आणि ‘हात्तो’ म्हणजे दचकणे. ‘आज मी कुठे दचकलो’ एवढे कामगाराने लिहावयाचे. अपघात, चूक, दोष असे शब्दच त्यात नाहीत. दचकण्याची लाज कोणास वाटावी?

आता प्रत्यक्ष काय करावे, ते सांगतो. एक साधी वही ठेवावी. तीत पाच गोष्टी लिहाव्यात: कोठे व केव्हा, काय घडले, काय घडू शकले असते, ते कशामुळे टळले, आणि पुढे काय केले. ‘कोण’ हा रकाना ठेवूच नये. आपली खोड अशी, की आपण प्रथम ‘कोणी केले?’ हेच विचारतो, आणि ते विचारताच बाकीची उत्तरे बंद होतात. जाणूनबुजून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणारा माणूस शिक्षेस पात्र आहे, ह्यात वाद नाही. पण असा माणूस शेकड्यात एखादा. बाकीचे आपल्यासारखेच थकलेले, घाईत असलेले, किंवा बिघडलेल्या हत्याराशी जुळवून घेणारे असतात.

चौथ्या प्रश्नाकडे विशेष लक्ष द्यावे. ‘टळले कशामुळे?’ ह्याचे उत्तर ‘गार्ड होता म्हणून’ असे असेल तर उत्तम. तो गार्ड जपावा. पण उत्तर ‘नशिबाने’ असे असेल, तर त्या दिवशीच काम थांबवून दुरुस्ती करावी. कारण नशीब ही काही साठा करून ठेवता येईल अशी वस्तू नव्हे.

पाचव्या रकान्यात ‘कामगारास समज दिली’ असे लिहून वही मिटू नये. एक उदाहरण घेऊ. ग्राइंडरला हात लावला की ‘जरासा करंट लागतो’ हे वाक्य आपल्या शेडांतून किती सहज ऐकू येते! त्यावरचा आपला उपायही ठरलेला: ‘चप्पल घालून हात लाव.’ ही समज झाली, उपाय नव्हे. खरा उपाय म्हणजे ते यंत्र तत्काळ बंद करणे, खराब वायर बदलणे, अर्थिंग तपासणे, आणि ३० मिलिअँपिअरच्या गळतीला क्षणात वीज तोडणारा स्विच बसविणे. तसेच गिरणीच्या पट्ट्यात पदर ओढला गेला आणि सुटला, तर ‘पदर खोचून घेत जा’ एवढ्यावर न थांबता पट्ट्याला जाळी बसवावी. धोकाच काढता आला तर काढावा. न निघाला तर तो आणि माणूस ह्यांच्यामध्ये अडसर घालावा. आणि सावधगिरीचा उपदेश सर्वांत शेवटी ठेवावा. मनुष्याचे लक्ष दिवसातून शंभर वेळा विचलित होते. जाळीचे होत नाही.

आणखी दोन सूचना. ज्याने सांगितले त्याला चार दिवसांत उत्तर द्यावे: ‘तू म्हणालास ते पाहिले, अमुक बदलले’, किंवा ‘अमुक कारणाने बदलता येत नाही, तोवर यंत्र बंद ठेवले आहे.’ उत्तर मिळाले नाही तर वही आठ दिवसांत ओस पडते. दुसरे, वहीत नोंदी वाढल्या म्हणून मालकाने घाबरू नये, आणि एकही नोंद नाही म्हणून फुशारकी मारू नये. कोऱ्या वहीचे दोन अर्थ होतात, आणि त्यांपैकी ‘येथे कोणी बोलत नाही’ हाच अर्थ अधिक वेळा खरा असतो. ‘इतके दिवस अपघात नाही’ म्हणून बक्षीस लावले, की बोट कापलेला माणूस फडके गुंडाळून गुपचूप घरी जातो, हे आम्ही स्वतः पाहिले आहे.

आपल्यातील लहान मालकबंधू म्हणतील, हे मोठ्या कंपन्यांचे खेळ आहेत. आम्हांस ऑर्डर वेळेवर द्यावयाची असते. त्यांची अडचण आम्ही जाणतो. पण मोठ्या कंपनीत एक हात गेला तर विमा, दवाखाना, पर्यायी नोकरी असे काही तरी असते. आपल्या शेडमध्ये हात जातो तो बहुधा पुतण्याचा, भाच्याचा, नाहीतर स्वतःचाच. वहीला खर्च येतो तो वीस-पंचवीस रुपयांचा. खंडेनवमीला आपण सारे यंत्रे धुऊन-पुसून त्यांची पूजा करतो. त्या दिवशी गंध लावण्यापूर्वी प्रत्येक यंत्राचा पट्टा, ब्रेक, गार्ड आणि वायर पाहावी, आणि वर्षभराची वही सर्वांदेखत वाचावी. आयुधांची ह्याहून चांगली पूजा आम्हांस ठाऊक नाही.

शेवटी मंडळापुढे एक विनंती. वैमानिकांच्या बाबतीत नासाने जे केले, ते लहान प्रमाणावर आपल्या मंडळास करता येण्यासारखे आहे. मंडळ कोणाचे मालक नाही आणि कोणाला मेमोही देत नाही. येथे कामगार आहेत, फोरमन आहेत, शेडवाले आहेत, आणि सर्व एका पंगतीस बसतात. कार्यालयात एक पेटी ठेवावी. ज्याला जो प्रसंग निभावला तो त्याने चार ओळींत लिहून टाकावा. नाव नको, कंपनी नको. दोन-तीन जाणत्या मंडळींनी ते कागद वाचून, ओळख पटेल असे सर्व काढून, निवडक प्रसंग दर वर्षी ह्याच स्मरणिकेत छापावेत. वधू-वरांच्या यादीसाठी आपण पाने राखून ठेवतो. दोन पाने ह्यासाठीही राखावीत. एकाच्या शेडमध्ये येऊन गेलेला काळ दुसऱ्याच्या दारी जाण्यापूर्वी तेथे निरोप पोहोचला पाहिजे.

पहिला कागद आम्हीच टाकीत आहो. तीत कोठे व केव्हा, काय घडले, काय घडू शकले असते, हे लिहिले आहे. ‘कशामुळे टळले’ ह्यापुढे ‘केवळ नशिबाने’ असे लिहिले आहे. आणि ‘पुढे काय केले’ ह्यापुढे, खरे तेच लिहावयाचे असल्याने, ‘पेढा खाल्ला’ असे लिहावे लागले. आपणापैकी कोणाच्याही कागदावर तसे लिहिण्याची पाळी न येवो, एवढीच प्रार्थना.